एक रात्र, तीनदा मोडलेली झोप

“फक्त झोपेची गोळी बदलून द्या. बाकी काही नको.” खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्या म्हणाल्या. वय ४१, नोकरी हिशेबाच्या कामाची. सहा वर्षांपासून पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा आजार, आणि गेल्या सव्वा वर्षात त्यावर चढलेलं नैराश्य. पिशवीतून त्यांनी औषधांच्या तीन पट्ट्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येक पट्टीवर पेनानं वेळ लिहिलेली होती. त्या वेळांकडे मी तेव्हा नीट पाहिलं असतं, तर पुढचे बारा दिवस वाया गेले नसते.

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांच्या कहाण्यांतले धागे इथं एकत्र विणले आहेत. डोस दिलेत ते विचार कसा केला हे कळावं म्हणून. ते वाचून कुणी आपल्या गोळ्यांना परस्पर हात लावू नये. यातली एक गोळी अशी आहे, की ती एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

तर त्या तीन पट्ट्या. नैराश्य आणि पॅनिकवरचं एसिटालोप्राम २० मि.ग्रॅ., रात्री जेवणानंतर. चिंता शमवणारी, बेंझोडायाझेपिन गटातली अल्प्राझोलॅम ०.५ मि.ग्रॅ., रात्री साडेनऊला, शिवाय “मध्यरात्री लागलीच तर” ०.२५. आणि दोन महिन्यांपूर्वी झोपेसाठी म्हणून सुरू झालेली मिर्टाझापिन १५ मि.ग्रॅ. शेवटचीनं वजन पाच किलोनं वाढवलं होतं, सकाळी दहापर्यंत डोकं जड ठेवलं होतं आणि झोप मात्र दिली नव्हती.

गोळ्यांशी त्यांचं जुनं वैर होतं. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा सर्ट्रालिन, म्हणजे एसिटालोप्रामच्याच गटातलं औषध, सुरू झालं ते थेट ५० मि.ग्रॅ.वर. तिसऱ्या दिवशी हातापायांत थरथर, छातीत धडधड, आतून कुणी मोटर चालू केल्यासारखं. चौथ्या दिवशी त्यांनी गोळी बंद केली. त्यांच्या भाषेत, “औषधानंच अटॅक आणला.” हे त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं पहिल्या एकदोन आठवड्यांत काहींना अशी अस्वस्थता देतात. एखाद्या दुसऱ्या रुग्णाला ती नुसती किरकिर वाटेल. पण जिच्या आजाराचं मूळच ‘छातीत धडधडलं म्हणजे आता मी मरणार’ या समजुतीत आहे, तिला ती धडधड गोळीची आहे की मरणाची हे कसं कळावं? म्हणून पॅनिकमध्ये सर्ट्रालिन २५ मि.ग्रॅ.पासून सुरू करतात, एसिटालोप्राम ५ पासून, आणि आठवडाभर थांबून वाढवतात. हे साधं पथ्य पाळलं गेलं नाही, त्याची किंमत त्यांनी पुढे कित्येक वर्षं मोजली. प्रत्येक नवी गोळी घेताना त्या एक हात नाडीवर ठेवत.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, “अंथरुणाला पाठ टेकली की आतून वळवळायला लागतं. पडवतच नाही.” मी कागदावर लिहिलं, ‘झोपेच्या वेळी चिंता’. पॅनिकचा रुग्ण, आतली वळवळ, दुसरं काय असणार! मिर्टाझापिनचा डोस नैराश्यासाठी तसाही कमीच वाटत होता. तो मी ३० केला.

बाराव्या दिवशी त्या परत आल्या, या वेळी पतीसोबत. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज बसलेला. पती म्हणाले, “डॉक्टर, ही आता रात्री एकपर्यंत घरात फेऱ्या मारते. बसली की पाय चोळते, उठली की बरं वाटतं म्हणते.” मी विचारलं, “वळवळ नेमकी कुठं होते?” त्यांनी पोटरीवर हात ठेवला. “इथं. हाडाच्या आत. मुंग्या नाहीत, दुखतही नाही. ओढ लागल्यासारखं होतं. चाललं की थांबतं.”

दिवसा होत नाही, संध्याकाळनंतर सुरू होतं, आडवं झालं की वाढतं, हालचाल केली की थांबतं. हे अस्वस्थ पायांच्या आजाराचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन आहे, आणि मिर्टाझापिन हे तो चाळवणाऱ्या नैराश्यविरोधी औषधांपैकी सर्वांत बदनाम. एसिटालोप्रामच्या गटातली औषधंही त्यात भर घालू शकतात. म्हणजे ज्या गोळीनं पाय पेटले होते, तीच मी दुप्पट केली होती.

वळवळ औषधानं होणाऱ्या दुसऱ्या एका त्रासाचीही असू शकते. त्यात सगळं शरीर दिवसभर स्वस्थ बसू देत नाही आणि चालूनही खरा आराम मिळत नाही. त्याला अकाथिसिया म्हणतात आणि तो जास्त धोक्याचा, कारण त्या तगमगीत माणूस जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून तेही विचारलं, आणि आत्महत्येचे विचार येतात का हेही सरळ विचारलं. “जगावंसं वाटत नाही असं पहाटे वाटतं. पण काही करावं असं नाही,” त्या म्हणाल्या. पहाटे हा शब्द मी अधोरेखित केला. इथून पुढे माझा प्रश्न बदलला. ‘झोप लागते का’ हे विचारणं मी सोडलं आणि ‘कधी मोडते’ हे विचारायला लागलो.

झोपेची नोंद ठेवायला सांगताना आम्ही सहसा बजावतो की रात्री घड्याळ पाहू नका, सकाळी अंदाजानं लिहा. घड्याळ पाहण्यानं झोप आणखी उडते. पण या बाईंना घड्याळाचं वेडच होतं. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, उशाशी ऑक्सिमीटर, फोनमध्ये प्रत्येक जागेपणाची वेळ. ही वाईट सवय मोडायची होतीच. पण मोडण्याआधी दोन आठवडे तिचा फायदा घ्यायचं ठरवलं. मिर्टाझापिन त्याच दिवशी परत १५ वर आणली, दुसरं काहीही बदललं नाही, आणि वही सुरू झाली.

वहीत जे दिसलं त्यानं मी चकित झालो असं म्हणणार नाही, पण लाज जरूर वाटली. ‘झोप नाही’ या दोन शब्दांखाली तीन वेगळे त्रास होते, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली होती.

पहिला दहा ते साडेबारा. हे पाय. डोस कमी केल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून फेऱ्या घटल्या. त्याचबरोबर रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे ‘नॉर्मल’. फेरिटिन १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. शरीरातल्या लोहाचं कोठार जवळजवळ रिकामं आणि दुकान मात्र उघडं, अशी अवस्था. अस्वस्थ पायांत फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात. नुसतं हिमोग्लोबिन पाहून समाधान मानलं असतं तर हे नजरेतून सुटलं असतं. पाळीत रक्तस्राव जास्त जातो हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ‘मानसिक’ आजाराच्या डॉक्टरला पाळीबद्दल काय सांगायचं!

जाता जाता एक. झोप येत नाही म्हणून सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणारे पुष्कळ असतात. अस्वस्थ पाय असतील तर त्याही आगीत तेल ओततात. यांनी मध्यंतरी महिनाभर त्या घेतल्या होत्या. “त्यांनी तर पाय जास्तच नाचले,” हे त्यांनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

दुसरा त्रास दीड ते दोनच्या दरम्यान, चौदा रात्रींतून पाच वेळा. दचकून जाग, घशाशी हृदय, हवा पुरत नाही, घामानं मान ओली. स्वप्न काही आठवत नाही, पण स्वतः पूर्ण जागी आणि सगळं लख्ख आठवणारी. झोप लागल्यावर तास-दीड तासाच्या आत. हा झोपेतला पॅनिक अटॅक. लोकांना वाटतं की तो वाईट स्वप्नामुळे येतो. तसं नसतं. स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, रात्रीच्या उत्तरार्धात दाट असते. हा अटॅक हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरण्याच्या पायरीवर येतो. घोरणं आणि श्वास थांबणं याबद्दल पतींना खोदून विचारलं. वजन वाढलेलं असल्यानं घरच्या घरी करायची श्वासाची चाचणीही केली. ती स्वच्छ आली. हे बघणं गरजेचं होतं, कारण श्वास अडकून येणारी जाग आणि पॅनिकची जाग रुग्णाच्या तोंडून सारखीच ऐकू येते, आणि अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्या झोपेतला श्वास आणखी बिघडवू शकतात.

तिसरा सव्वाचारचा. इथं मला वाटलं की उत्तर हातातच आहे. नैराश्य म्हणजे पहाटे लवकर जाग, सकाळी मन सर्वांत जड आणि संध्याकाळपर्यंत थोडं उजाडणारं. त्यांचं अगदी तसंच होतं. एसिटालोप्राम अपुरं पडतंय, औषध बदलावं, असं मी लिहायलाही घेतलं. मग वहीतल्या दोन रात्री डोळ्यांत भरल्या. कामाच्या गडबडीत त्यांनी अल्प्राझोलॅम साडेनऊऐवजी साडेअकराला घेतली होती. त्या दोन्ही रात्री जाग आली ती सहा-सव्वासहाला. आणखी तीन रात्री दीडच्या अटॅकनंतर ०.२५ ची जादा गोळी घेतली होती. तेव्हाही सहा वाजून गेलेले.

नैराश्याची पहाट गोळीच्या वेळेनुसार सरकत नाही. ही जाग सरकत होती. अल्प्राझोलॅम रक्तातून निम्मं व्हायला साधारण अकरा तास लागतात, पण रोज घेणाऱ्याला तिचा आधार त्याच्या बराच आधी सुटल्यासारखा जाणवू शकतो. आणि आधार सुटला की दबलेली चिंता उसळी मारते. घाम, धडधड, दात आवळलेले. सव्वाचारची जाग म्हणजे बरीचशी दोन डोसांमधली फट होती. त्या ती फट भरायला म्हणून दुसऱ्या दिवशी रात्रीची गोळी अधिकच घट्ट धरून बसत: “साडेनऊची चुकली तर काय होईल?”

मग उपाय. एका वेळी एकच बदल, हा आमचा करार. हे बोलायला सोपं आणि पाळायला कठीण. तीनही गोष्टी त्यांना त्याच आठवड्यात सुधारायच्या होत्या, खरं तर मलाही.

एसिटालोप्राम रात्रीऐवजी सकाळी केलं. यातून फार काही हाती लागलं नाही हे कबूल करतो. काहींची झोप एवढ्यानं सुधारते, यांची नाही. मिर्टाझापिन साडेसात मि.ग्रॅ.वर आणून तीन आठवड्यांत बंद केली. लोहाची गोळी एक दिवसाआड, चहा-कॉफीपासून दूर. मिर्टाझापिन थांबल्यावर चार रात्री वाईट जाणार हे आधी सांगून ठेवलं होतं. तरी तिसऱ्या रात्रीनंतर फोन आलाच: “गोळी काढली आणि झोप गेली, म्हणजे मला तीच लागते.” हा निष्कर्ष माणूस फार सहज काढतो आणि त्यातूनच औषधं साठत जातात. थांबवल्यावर येणारी उसळी ही आजार परतल्याची खूण असेलच असं नाही. सहाव्या रात्री ती ओसरली. पायांची वळवळ त्यानंतर दहा दिवसांत जवळपास गेली, कधीतरी आठवड्यातून एकदा पोटरीला हलकी ओढ, एवढीच उरली. फेरिटिन तीन महिन्यांनी ५२ झालं. अजून मजल बाकी होती, म्हणून लोह सुरूच ठेवलं.

अल्प्राझोलॅमचं प्रकरण सावकाशीचं. सव्वा वर्ष रोज घेतलेली गोळी. ती काढून त्याजागी क्लोनाझेपॅम ०.५ मि.ग्रॅ. दिली. तिचा प्रभाव रक्तात दीर्घ टिकतो, त्यामुळे पहाटेची फट पडत नाही. बदल्यात सकाळी थोडी गुंगी. मग दर तीन आठवड्यांनी पाव भाग कमी, शेवटी शेवटी त्याहूनही कमी, कारण शेवटचे तुकडेच जास्त छळतात. पूर्ण बंद व्हायला साडेचार महिने लागले. मध्ये एकदा आम्ही पाच आठवडे एकाच डोसवर थांबलो. घरात आजारपण होतं, तेव्हा घाई करण्यात शहाणपण नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या गोळ्यांवर अवलंबित्व आणि सोडतानाचे त्रास यांचा ठळक इशारा छापायला लावला. पण त्या इशाऱ्याचा उलटा अर्थ घेऊन घाबरून गोळी एका रात्रीत फेकून देणारेही भेटतात, आणि तो प्रकार जास्त भीतिदायक असतो.

सव्वाचारची जाग आठवड्याभरात सव्वापाचवर गेली आणि तिथंच अडली. हा उरलेला भाग मात्र नैराश्याचा होता. म्हणजे माझा पहिला अंदाज पुरता खोटा नव्हता, फक्त त्याचा वाटा मी चौपट धरला होता. तो भाग मन सुधारत गेलं तसा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आपोआप विरला.

दीडच्या अटॅकला गोळीनं हात लावला नाही. तो माझ्या मानसशास्त्रज्ञ सहकारी बाईंनी हाताळला. झोपेतल्या अटॅकमध्ये भीती असते ती गाफील होण्याची. झोप म्हणजे पहारा सोडणं. यांचं घड्याळ, ऑक्सिमीटर, जळता दिवा, पतीला ‘तुम्ही आधी झोपू नका’ असा रोजचा हट्ट, हा सगळा पहाराच होता. सत्रांत त्यांना मुद्दाम एक मिनिट जोरजोरानं श्वास घ्यायला लावला, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, जागेवर गोल फिरायला लावलं. जी लक्षणं रात्री येतात ती दिवसा, खुर्चीत, स्वतःच्या हातानं उत्पन्न करायची आणि काही होत नाही हे शरीराला दाखवायचं. दुसऱ्या सत्रात त्या रडल्या. पाचव्यात म्हणाल्या, “हे तर रात्रीचंच आहे. फक्त इथं मी त्याला बोलावलंय.” मग पहारा एकेक करून उतरवला. आधी ऑक्सिमीटर, मग दिवा, सर्वांत शेवटी घड्याळ. त्यावर मात्र वाटाघाटी झाल्या. आधी ते मनगटावरून कपाटावर गेलं आणि आठवड्यानंतर खोलीबाहेर.

याच काळात अंथरुणातला वेळही आखडला. त्या साडेनऊला पडत आणि साडेसातला उठत. दहा तासांत झोप पाच तास वीस मिनिटं. उरलेला वेळ अंथरूण म्हणजे झगडा हे शिकण्यात जाई. बारा ते सहा एवढीच मुभा दिली. निद्रानाशात ही पद्धत चांगली काम करते, पण सगळ्यांना नाही. बायपोलर आजार असेल तर कमी झोपेनं उन्माद चाळवू शकतो. म्हणून ‘कमी झोपूनही ताजंतवानं, भरभर बोलणं, हातून पैसे सुटणं’ असे दिवस कधी आले होते का, हे आधीच विचारून घेतलं होतं. नव्हते आले. पॅनिकच्या रुग्णाला जागरण झालं तर अटॅकही वाढू शकतात, म्हणून पाच तासांवर न जाता सहा ठेवले. पहिला आठवडा त्यांनी मला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या असणार. दोन आठवड्यांनी सहातले सव्वापाच तास झोप लागायला लागली. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत गेलो.

पाचव्या महिन्यात, सगळं मार्गी लागलंय अशा समाधानात असताना, त्या दारापर्यंत जाऊन परत वळल्या. “एक विचारू? लग्नाच्या नात्यातली इच्छा अगदीच गेलीय. हे आजाराचं की गोळीचं?” एसिटालोप्रामच्या गटात हा दुष्परिणाम अतिशय नेहमीचा आहे. आणि पाच महिन्यांत मी तो एकदाही विचारला नव्हता. पायांचं, घामाचं, दातांचं विचारलं होतं. सकाळी जबडा दुखतो म्हणून दंतवैद्याकडून रात्री लावायचं कवचही करून घेतलं होतं, कारण झोपेत दात खाणं हाही याच औषधांचा उद्योग. पण हे नाही. रुग्ण आपणहून सांगत नाहीत, आणि मग एक दिवस कुणाला न सांगता गोळी बंद करतात.

औषध बदलण्याचा पर्याय मांडला. त्यांनी नको म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा जे लागू पडलं होतं ते सोडायची तयारी नव्हती, आणि मला ते पटलं. डोस २० वरून १५ केला. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. बरं वाटायला लागल्यापासून निदान वर्षभर औषध चालू ठेवायचं आणि मग फार हळूहळू उतरायचं, असं ठरलं आहे. तोवर हा त्रास अंगावर घ्यायचा की नाही, याचा निर्णय दर भेटीत पुन्हा घ्यायचा. स्वप्नं अजून भडक पडतात. त्यावर आम्ही काही केलेलं नाही. त्यांना ती मजेशीर वाटतात.

वही त्या अजून ठेवतात, आठवड्यातून दोन दिवस, सकाळी. ‘रात्री जाग आली का, किती वाजता’ या रकान्यात परवा त्यांनी लिहिलं होतं: “आली होती बहुतेक. किती वाजले होते माहीत नाही.”